एका काडीवर दोघांची लाळ

तुमच्या मुलाच्या तपासणीचा कागद चुकीचा असेल, तर ते तुम्हांला कोण सांगेल? ज्यांनी तो दिला ते? त्यांना स्वतःला आधी कळायला हवं. आणि कळल्यावर ते तुमच्या दारापर्यंत चालत येतील, असं तुम्ही कशाच्या भरवशावर धरून चालता?

मी असे कागद देणाऱ्यांपैकी एक होते. म्हणून विचारते आहे.

आमचं घर राजुऱ्याजवळ, कोळसा खाणीच्या वसाहतीत. बाबा खाणीत कामाला आणि पाळी संपली की चळवळीत. घरात पुस्तकं मोजकी होती. पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी, पलंगाखाली, माळ्यावर, तांदळाच्या कोठीमागे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. आजही काही लिहिताना मला वाटतं, हे कोणीतरी रस्त्यात सायकल हातात धरून, उभ्या उभ्या वाचणार आहे.

माझ्या मोठ्या भावाला सिकलसेल होता. तो अकरा वर्षांचा होईपर्यंत हे कोणालाच माहीत नव्हतं. हाडं दुखायला लागली की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शाळेत मास्तर त्याला आळशी म्हणायचे आणि घरी आम्हीही तेच म्हणायचो. आजाराचं नाव कळलं, औषधं सुरू झाली, पण तोवर आत बरंच बिघडलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. आईचं तेव्हापासून एकच वाक्य आहे, "लहानपणीच समजलं असतं तं." भाजी निवडता निवडता, कोणी काही विचारलेलं नसताना ती ते म्हणते.

हा आजार आमच्या बौद्ध वस्त्यांत आहे, जंगलातल्या गोंड आणि माडिया गावांत आहे. आमच्या भागात सिकल हा शब्द शाळेत न गेलेल्या बाईलाही येतो. रक्त तपासायची शिबिरं होतात, पण आत, जिथे गाडी सोडून पायी जावं लागतं, तिथे लोकांना सुईचं वावडं झालेलं आहे. एका गावात मला बायांनी सांगितलं, कोणीतरी येऊन सगळ्यांचं रक्त काढून नेलं आणि त्याचा निकाल काय आला ते सांगायला कधी कोणी परत फिरकलंच नाही. "आमचं रगत कुठी गेलं ते आमाले अजून मालूम नाई," त्या म्हणाल्या.

चंद्रपुरात कॉलेज संपवताना मला एक लहानसा गट भेटला. दोघंच होते, मी तिसरी झाले. एक इंजिनिअर, त्याला आम्ही दादा म्हणायचो. बाहेरची नोकरी सोडून तो गावाकडे परत आला होता. दुसरी प्रयोगशाळेत काम केलेली ताई. दादाकडे हाताच्या पंजात मावेल एवढं, डीएनए वाचणारं एक यंत्र होतं. त्याच्या जोडीला नमुना गरम-थंड करणारा एक डबा त्यानं इथल्याच विद्यार्थ्यांकडून बनवून घेतला होता. त्या डब्याचे आराखडे आणि निकाल काढणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडे ठेवलेले होते. कोणीही घ्यावेत, वाचावेत, आपल्या गरजेप्रमाणे बदलावेत. मोटारसायकलच्या बॅटरीवर सगळं चालायचं. गालाच्या आतून कापूस लावलेली काडी फिरवायची, ती नळीत बुडवायची, आणि दुसऱ्या दिवशी निकाल.

सिकलसेल म्हणजे एका लांबलचक मजकुरातलं एक अक्षर बदललेलं असणं. तो मजकूर प्रत्येकाला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. एकाच प्रतीत अक्षर बदललेलं असेल तर माणूस नुसता वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. दोन्ही प्रतींत बदललेलं असेल तर आजार. आमचं यंत्र तेवढी एक जागा वाचायचं.

मी भारावून गेले. हे मी लपवत नाही. ज्ञानाला कुलूप लावणाऱ्यांविरुद्ध ओरडत मी मोठी झाले होते आणि इथे कुलूप नसलेलं ज्ञान थर्माकोलच्या डब्यात घालून जंगलात नेता येत होतं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: सुई नाही, रक्त नाही, फक्त लाळ. दादानं वाचलं आणि म्हणाला, "यात आपल्या चुकांबद्दल काही नाही." मी म्हणाले, "पत्रकात चुका लिहीत नाहीत." आम्ही दोघंही हसलो.

गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या जंगलात आत एक टोला आहे, मोजक्या घरांचा पाडा. तिथे आम्ही मोहाची फुलं गळायच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या तोंडी गेलो. आमची पहिली अडचण होती खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा आमच्याकडे सकाळपासून तोंडात असतो, आणि त्यानं लाळेचा नमुना बिघडतो. आधीच्या दोन गावांत आमचे निम्मे नमुने त्यानं वाया गेले होते. म्हणून या वेळी नियम कडक होता. तोंड तीन वेळा धुवायचं, अर्धा तास काही खायचं नाही, आणि तोवर माझ्यासमोर बसून राहायचं.

"बाई, खर्रा नाई खाल्ला तं थुकच नाई येत ना," एक म्हातारा म्हणाला.

"भाऊ, अर्धा घंटा."

"अन् तुमाले थुकच पायजे तं त्या शाळेच्या भितीवर पाहा. अख्ख्या गावाचं हाये तिथी. नावंबी सांगतो कोनाचं कोनतं."

सगळे हसले, मीही हसले. ताई मात्र एकेकाचे दात आणि जिभा बॅटरी मारून बघत होती. तोंडात लाल दिसलं की परत पाठवायची. तिचं काम चोख होतं.

तिथे एक बाळ होतं, वर्षाचं होत आलेलं. आई पहाटेपासून मोह वेचायला गेलेली, बाप नदीपलीकडे तेलंगणात कामाला. बाळ आजीच्या मांडीवर होतं. आजी भाताचा घास आपल्या तोंडात घ्यायची, सावकाश चावायची, मऊ झाला की बोटानं काढून बाळाच्या तोंडात घालायची. बाळ तिच्या ओठांकडे बघत आपलंही तोंड हलवायचं. मला ते फार आवडलं. मी त्या आजीकडे बघून हसले, तीही हसली. मग आई टोपलं घेऊन परत आली आणि बाळाला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिली. तिचं तोंड धुऊन झालं, अर्धा तास झाला. ताईनं विचारलं, "बाळाला तुम्ही आत्ता काही दिलं?"

"नाई वो. मी तं आताच आली."

खरंच होतं ते. ताईनं बॅटरीनं बाळाचं तोंड बघितलं. लाल नव्हतं. वर्षाचं लेकरू कुठे खर्रा खातं? तिनं गालात काडी फिरवली. बाळ रडलं. मी वहीत नाव लिहिलं.

एवढंच झालं. आम्हां तिघांना खर्ऱ्याची इतकी धास्ती होती, की ज्या तोंडात खर्रा नाही ते तोंड आम्ही स्वच्छ धरलं. त्या काडीवर बाळाची लाळ होती आणि आजीची. मी ते होताना डोळ्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. आई वाहक. बाळही वाहक. बाप तपासायला गावात नव्हता, त्यामुळे पडताळून बघायला तिसरं काही नव्हतं. वेगवेगळ्या वेळी दोन नमुने घेतले असते तर निदान शंका आली असती कदाचित, पण तपासणी स्वस्त राहावी म्हणून आम्ही प्रत्येकाचा एकच घ्यायचो. कागद मीच वाचून दाखवला. आजार नाही, औषधाची गरज नाही.

"मंग याले काईच नाई होनार?" आईनं विचारलं.

"काही नाही. फक्त लग्नाच्या वेळी लक्षात ठेवा, मुलगीही तपासून घ्या."

"याचं लगन!" ती हसली. "आधी दात तं येऊ द्या याचे समदे."

त्यानंतरचं मला मागाहून, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाळाचे हात-पाय सुजले. वर्षाच्या बाळाची बोटं अशी फुगली, तर आमच्या भागातली कुठलीही नर्स आधी सिकलचं नाव घेईल. त्या नर्सनंही घेतलं. पण आईनं कागद काढून दाखवला. डीएनएची तपासणी, वाहक. नर्सचा जीव भांड्यात पडला. तिनं वेदनेचं औषध दिलं, बाळ आठवड्यात बरं झालं. मग भादव्यात ताप आला. आई पुन्हा गेली, पुन्हा कागद दाखवला. तापाचं औषध घेऊन ती परत आली. दुसऱ्या दिवशी बाळ पांढरं पडलं, पोट टणक झालं. पाण्यानं रस्ता तुटला होता. लोकांनी त्याला खाटेवर ठेवून नाला ओलांडला. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला काढलं, वर रक्त चढवायची तयारी केली. तेवढ्यात बाळ गेलं.

रक्ताचा निकाल आल्यावर डॉक्टरांनी कागदावरच्या नंबरावर फोन केला. फोन मी उचलला. आवाज चढलेला नव्हता. "याला आजार होता," ते म्हणाले. "पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून अंगातलं रक्त तिथेच साठलं. पहिल्या सुजेला कळलं असतं तर रोजचं औषध सुरू झालं असतं. ताप आल्याबरोबर आई त्याला इथे घेऊन आली असती. तुम्ही वाहक कशावरून लिहिलंत?"

मी म्हणाले, "बघून सांगते."

दादानं लॅपटॉप उघडला. मी त्याच्या खांद्यामागे उभी. प्रोग्रॅम फक्त शेवटचा शब्द छापायचा, पण खालची मूळ फाईल तशीच ठेवलेली असायची. वाहक माणसाच्या नमुन्यात चांगलं अक्षर आणि बदललेलं अक्षर साधारण निम्मं-निम्मं दिसायला हवं. इथे बदललेलं खूप जास्त होतं आणि चांगलं थोडंसं. कुठल्याही एका माणसाचं ते असूच शकत नव्हतं. आमचं यंत्र स्वस्तातलं, वाचताना चुका करणारं. म्हणून दादानं त्या प्रमाणाची मर्यादा सैल ठेवली होती. दोन्ही अक्षरं दिसली की वाहक. ती ओळ त्यानंच लिहिलेली.

"थोडंसं चांगलं आलं कुठून?" तो स्वतःशीच म्हणाला.

तेव्हा मला आजीचं बोट आठवलं. मी सांगितलं. ताई खुर्चीत बसली. म्हणाली, "काडी मी फिरवली होती."

ती फाईल मोहाच्या दिवसांपासून तिथेच पडून होती. कोणीही बघावी अशी. आम्हीच उघडली नव्हती. उघडं ठेवणं आणि उघडून बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका मेलेल्या मुलामुळे कळावं याची आजही चीड येते.

पुढे काय करायचं यावर आमचं भांडण झालं. दादाचं म्हणणं होतं, ती ओळ आज रात्रीच बदलू, सूचनांमध्ये बाळांसाठी वेगळा नियम घालू, पण टोल्यात जाऊन सांगू नये. "सांगून ते मूल परत येणार आहे का? उद्या एकाही गावात कोणी तोंड उघडणार नाही. मग जी मुलं वाचली असती त्यांचं काय?"

त्याचं चूक होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्या वेळी मी ओरडले, "प्रोग्रॅम उघडा ठेवायचा आणि चूक झाकायची? त्यांचं रक्त नेऊन परत न आलेल्यांत आणि आपल्यात मग फरक काय?"

ताई म्हणाली, "मी जाते. तुम्ही भांडत बसा."

आम्ही दोघी गेलो. दादा गाडी घेऊन आला, पण शेवटच्या वळणावर थांबला. मग थोड्या वेळानं आमच्या मागोमाग पायी आला.

बाळाची आई अंगणात धान पाखडत होती. आम्हांला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही. मी बोलायला सुरुवात केली आणि माझं मलाच ऐकू येईना, इतकं ते पुस्तकी होतं. ताईनं मला थांबवून सरळ सांगितलं. तुमच्या बाळाला आजार होता. आमचा कागद चुकला. चूक आमची.

सूप थांबलं. आई म्हणाली, "तुमचा कागद नसता तं मी त्याले पयल्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. हात सुजले तवाच माह्या मनात आलं होतं, सिकल हाये. माह्या भावाचं पोट्टं असंच गेलं. मले समजत होतं. पन मी म्हटलं, नाई, कागदावर लिवलं हाये. मशिनीनं पाह्यलं हाये. मी कोन?"

आजी ओट्यावर बसली होती. ती सुनेशी गोंडीत काहीतरी बोलली. मग आजी माझ्याकडे वळली.

"माह्या थुकानं गेला का माहा नातू?"

"नाही, आजी. तुमचा घास खाऊनच तो वाढत होता. विचारायचं काम आमचं होतं. आम्ही आईला विचारलं, तुम्हांला विचारलंच नाही."

"पन तू तं पाहून राह्यली होती."

मी मान हलवली.

"मी त्याले भरवत होती, तू तिथी उभी होती. हासली बी. मले आठोते. मंग बोलली काऊन नाई?"

एवढी पत्रकं लिहिली, एवढ्या सभांत बोलले, आणि त्या ओट्यासमोर माझ्याजवळ एकच खरं वाक्य होतं. "मला ते सुंदर वाटलं," असं काही तिला सांगता येणार होतं का?

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, पुसतच राहिली.

मग आईच म्हणाली, "बाजूच्या घरच्या पोट्टीचा कागदबी तुमीच देल्ला ना? तिलेबी तिची आजीच चाऊन चारे. तिचं पाहा आधी. इथी उभं राहून काय करून राह्यले?"

त्या मुलीला त्याच दिवशी गाडीत घालून नेलं, रक्त तपासलं. तिलाही आजार निघाला. आमच्या कागदावर तीही वाहक होती. आज ती रोज औषध घेते, चालते, ताप आला की आईबाप लगेच निघतात. हे मी समाधान म्हणून लिहीत नाही. बाळ गेलेल्या बाईनं बोट दाखवलं म्हणून ती वाचली; आम्ही तिथवर पोचलेलो नव्हतो.

त्यानंतर आम्ही जुन्या फायली एकेक करून उघडल्या. लहान मुलांच्या ज्या ज्या नमुन्यांत प्रमाण बिघडलेलं दिसलं, त्या घरांची यादी केली आणि गावोगाव फिरलो. गोंडपिपरीकडची गावं झाली, अहेरीकडची झाली. कुठे आम्हांला चहा मिळाला, कुठे कुत्री सोडली गेली. दोन्ही रास्त होतं. लाळेची तपासणी आम्ही सोडलेली नाही. पण ज्या मुलाला अजून चावून भरवतात, त्याला लाळेवरून निकाल देत नाही; त्याचं रक्त तपासायला पाठवतो. माझं पत्रक मी फाडून टाकलं. नवीन पत्रकात पहिल्या चार ओळी आमच्या चुकीच्या आहेत.

पण यादीतली काही घरं बंद आहेत. थंडी सरताना आमच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरं सोबत घेऊन, आणि तिथूनच पुढे वीटभट्टीवर किंवा कापसाच्या गोदामावर. दाराला कुलूप, दिलेले फोन बंद. शेजारी म्हणतात, येतील. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. त्या गाठोड्यांत कुठेतरी आमचे कागद आहेत, नीट घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण ती माणसं कागद जपतात. लेकराला ताप आला की ती तो कागद कोणापुढे तरी धरतील, आणि समोरचा माणूस निश्चिंत होईल.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही तेलंगणाकडे जाणाऱ्या सिरोंच्याच्या पुलावरून बस नेत असाल, मिरचीच्या शेतात मुकादम असाल, भट्टीजवळच्या शाळेत शिकवत असाल, दवाखान्यात चिठ्ठ्या फाडत असाल, तर एवढं करा. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मजुरांजवळ फिकट हिरवा, अर्ध्या पानाचा, वर "लाळ तपासणी" असं छापलेला कागद दिसला आणि तो तीन वर्षांखालच्या मुलाचा असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आईबापांना सांगा की कागद देणाऱ्यांनीच तो रद्द केला आहे. त्या मुलाला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि सिकलसेलसाठी रक्त तपासायला सांगा. मुलाच्या अंगात ताप असेल तर उद्यावर टाकू नका, हातातलं काम सोडून आत्ताच न्या.